जांभळी होंडा आणि घडीची खुर्ची

मॅक्सीन डाउस वीस-बावीस वर्षं एकाच उतारावर बसत आली होती आणि तिला त्या उताराचा वीट आला होता. तिच्या नवऱ्याला, क्लाइव्हला, मात्र वाटायचं की बायको मजेत आहे. तसा माणूस वाईट नव्हता तो. ग्रिम्सबीच्या बंदरावर क्रेन चालवायचा, पगार घरात द्यायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण मोटरसायकल म्हटली की त्याचं डोकं ठिकाणावर राहायचं नाही. वर्षातून तीन-चार वेळा तो आपली हजार सीसीची गाडी व्हॅनमध्ये घालून कॅडवेलच्या ट्रॅकवर न्यायचा. शर्यत नाही, बक्षीस नाही. पैसे भरायचे आणि दिवसभर, थोड्या थोड्या वेळाच्या पाळ्यांत, आपल्यासारख्याच हौशी लोकांबरोबर गाडी पळवायची, एवढंच. आणि मॅक्सीन घडीची खुर्ची, थर्मास आणि हॅमची सँडविचेस घेऊन माउंटनसमोरच्या गवतावर बसायची.

माउंटन म्हणजे ट्रॅकमधला एक खडा चढ. इंग्लंडमधल्या त्या सपाट लिंकनशरात तेवढ्यालाही डोंगर म्हणतात, कारण डोंगर म्हणण्यासारखं दुसरं काही तिथं नाहीच. पण गाडीवरच्या माणसाला विचारा. डावं-उजवं वळण घेऊन गाडी एकदम वर सुटते, माथ्यावर पुढचं चाक उठतं, कुणाकुणाची तर अख्खी गाडी जमीन सोडते. क्लाइव्ह तिथून गेला की मॅक्सीन उभी राहून हात हलवायची. प्रत्येक फेरीला. आणि संध्याकाळी विचारायची, "दिसले का रे मी?"

"दिसलीस की," क्लाइव्ह म्हणायचा. "लाल टोपी घातली होतीस. लांबूनच ओळखलं."

मग तिला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, एवढ्या वेगात असूनही आपला माणूस आपल्याकडे बघतो, या एका गोष्टीवर तिनं त्या उतारावरचे कितीतरी गार, ओले, कंटाळवाणे दिवस काढले होते.

मॅक्सीन स्वतः मासळीबाजारात कामाला होती. बर्फातले कॉड आणि हॅडॉक उचलायचे, काटा सोडवायचा, साफ तुकडे करून पुढं सरकवायचे. शाळा सुटल्यापासून हेच. त्या बर्फानं शेवटी तिच्या बोटांवर सूड उगवला. सांधे सुजले, सकाळी मूठ वळेना. डॉक्टरीणबाई चांगली होती, तिनं गोड गोड काही सांगितलं नाही. "बोटं हळूहळू आखडत जाणार," ती म्हणाली. "औषधानं वेग कमी होईल. थांबणार नाही. हातांनी जे काही करायचं राहिलं असेल ना, ते आत्ता करून घ्या."

डॉक्टरीणबाईच्या मनात बहुधा विणकाम असावं.

त्या दिवशी जेवताना, चिप्स आणि वाटाणे ताटात असताना, मॅक्सीन म्हणाली, "पुढच्या वर्षी कॅडवेलला मी पण गाडी घेऊन येणार आहे."

"कुणाची गाडी?"

"माझी."

"तुझी? ती कामावर जायची टुकटुक? अगं, तिला माउंटनवर मागून ढकलायला दोन माणसं लागतील."

"दुसरी घेणार आहे. जुनी. पण ट्रॅकवर पळणारी."

इथं एक सांगायला हवं. मोटरसायकलचा परवाना मॅक्सीनला क्लाइव्हच्या दोन वर्षं आधी मिळाला होता. ही गोष्ट क्लाइव्ह चारचौघांत काढत नसे. लग्नानंतर घरात मोठी गाडी एकच आली, आणि तिच्या पुढच्या सीटवर कोण बसणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

क्लाइव्ह खुश झाला, अगदी मनापासून. पण खुश झाला तो नवऱ्यांच्या रीतीनं. म्हणजे, "तू काही काळजी करू नकोस, मी बघतो तुझ्यासाठी," असं म्हणून त्यानं सगळा कारभार हातात घेतला. आठवडाभरात तिला तीन गाड्या दाखवल्या. तिन्ही हजार सीसीच्या, तिन्ही काळ्या कुळकुळीत, तिन्हींचा आवाज छातीत धडधडणारा. मॅक्सीननं प्रत्येकीचा क्लच ओढून पाहिला आणि मान हलवली.

"क्लच काय बघतेस? इंजिन ऐक, इंजिन!"

"इंजिन काय माझी बोटं ओढणार आहे का?"

क्लाइव्ह खाली वाकून उगाच टायर चाचपू लागला. बोटांचा विषय निघाला की तो नेहमीच असं काहीतरी काढायचा, कारण त्याला रडू यायचं आणि ते त्याला चालत नसे.

"हे बघ," त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "सरळच सांगते. मला एक दिवस पुरा काढायचाय. सकाळच्या पहिल्या पाळीपासून संध्याकाळच्या शेवटच्या पाळीपर्यंत, एकही न सोडता. माउंटन अख्खा, घाबरून गॅसची मूठ सैल न करता. हात मधेच गेले, तर गाडी विकायची, मी परत खुर्चीत बसणार आणि पुन्हा विषय काढणार नाही. पण गाडी माझी मी निवडणार."

"बरं बाई," क्लाइव्ह म्हणाला, आणि टेबलावरून हात पुढं केला. तिनं तो धरला. हळूच दाबला त्यानं.

मग मॅक्सीन एकटी हिंडली. जुनी गाडी घेणं म्हणजे स्थळं बघण्यातलाच प्रकार. जो तो आपली बाजू पावडर लावून दाखवणार. स्कनथॉर्पला एका माणसानं गॅरेजचं दार उघडलं, तर आत गाडी झगझगीत उभी. मॅक्सीननं इंजिनाजवळ तळवा नेला आणि मागं घेतला. चांगलं गरम होतं.

"मी येणार म्हणून आधीच तापवून ठेवलीत होय?"

"नाही नाही, जरा दुकानात जाऊन आलो."

"आलात, आणि टायर मात्र कोरडे ठेवलेत. बाहेर पाऊस आहे हो."

गार इंजिन सुरू होताना कुरकुरतं, धूर सोडतं, आपलं खरं दुखणं सांगतं. ते कुणाला ऐकवायचं नसेल तो आधी तापवून ठेवतो. मॅक्सीन चहासुद्धा न घेता निघाली. बॉस्टन नावाच्या जवळच्याच गावातल्या गाडीला नवाकोरा रंग होता, पण हँडल हलकेच डावी-उजवीकडं वळवलं की मधोमध अडखळायचं, आणि हँडल ठरावीक जागी थांबवणारा खालचा लोखंडी अडसर मोडलेला. जबरदस्त आपटल्याशिवाय तो मोडत नाही. विकणारा म्हणत होता, गाडी कधी पडलीच नाही. मॅक्सीननं त्याच्याकडं, शिळ्या मासळीकडं बघते तसं, एकदा बघितलं.

तिसरी गाडी हॉर्नकॅसलला, ह्यूबर्ट ब्रॉकल्सबी नावाच्या म्हाताऱ्याकडं. नव्वदच्या दशकातली होंडा, सहाशे सीसी, जांभळा आणि पिवळा रंग. दोन्ही बाजूंना खरचटलेली. म्हातारा दारातच उभा होता.

"या बाई. सकाळपासून हात लावलेला नाही. तुम्हीच सुरू करा." आणि तिनं न विचारताच तो एकेक ओरखडा सांगू लागला. "हा कॅडवेलचा, हेअरपिनच्या वळणावर गाडी आडवी झाली. माझीच चूक, गाडीची नाही. हा पण कॅडवेलचा. आणि हा इथला, बायकोनं गवत कापायचं यंत्र वरून पाडलं."

"मुद्दाम?"

"तेव्हा नाही म्हणाली होती."

मॅक्सीननं क्लच दोन बोटांनी ओढला. आला. सोडला, पुन्हा ओढला. एवढ्या हलक्या हातानं तर ती घरची पाण्याची तोटीही फिरवू शकत नव्हती. मग पुढचा ब्रेक. तोही हलका, आणि दाबला की जागच्या जागी पकडणारा. ती तशीच उभी राहून ओढत राहिली, सोडत राहिली. म्हाताऱ्यानं खाकरून विचारलं, "बाई, इंजिन नाही ऐकायचं?"

"ऐकते हो. आधी हातांचं होऊ दे."

ह्यूबर्टनं आपले दोन्ही पंजे पुढं केले. बोटं वाकडी, गाठी आलेली. "म्हणून तर विकतोय," तो म्हणाला. "पण हिच्यावर मी अगदी शेवटपर्यंत टिकलो. दुसऱ्या कुठल्याही गाडीवर पाच वर्षं आधीच घरी बसलो असतो."

त्यानंतर भाव-बिव फारसा झाला नाही. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, पुढच्या दांड्यांवर तेलाचा थेंब नव्हता, साखळी सरळ. मॅक्सीननं गाडी घेतली. जांभळी-पिवळी, खरचटलेली होंडा तिला केवढ्याला पडली म्हणाल, तर क्लाइव्हनं त्याच महिन्यात स्वतःच्या गाडीसाठी जो नवा सायलेन्सर मागवला, त्याच्याच किमतीत.

क्लाइव्हनं गाडी बघितली आणि कपाळाला हात लावला. "मॅक्सी, ही गाडी आहे की मिठाईचा कागद?"

"आवडली ना?"

"पडलेली गाडी घेतलीस!"

"पडून उठलेली घेतली. ट्रॅकवर मी पण पडेन कदाचित. तेव्हा नव्या रंगाचं दुःख तरी नको."

"आणि आवाज? शिवणयंत्र बरं."

हिवाळाभर गॅरेजमध्ये काम चाललं. मॅक्सीननं नवे टायर घातले, ब्रेकचं तेल आणि पॅड बदलले, ओरखडे तसेच ठेवले. क्लाइव्ह रंगाचा डबा घेऊन दोनदा आला आणि दोनदा हाकलला गेला. पण तिचं बोट नटावर अडलं की न सांगता पाना हातातून घ्यायचा, नट फिरवायचा आणि पाना परत द्यायचा. बाकी वेळ तो आपल्या नव्या सायलेन्सरला पुसत बसायचा. जुना त्यानं विकून टाकला होता. नव्याचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा आणि क्लाइव्हच्या चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज यायचं. या एका बाबतीत पुरुषमाणसाला अक्कल द्यायची राहूनच गेली असावी.

मे महिन्यात कॅडवेलचा दिवस उजाडला. स्वच्छ, कोरडा. दिव्यांवर चिकटपट्ट्या लावल्या, आरसे काढले, बेकनचा पाव खाल्ला आणि दोघं आवाजाच्या तपासणीच्या रांगेत लागले. आजूबाजूला गावं आहेत, लोकांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्यात. त्यामुळं ठरावीक आवाजाच्या वर गाडी गेली की ती ट्रॅकवर जात नाही. मग समोर कुणी का असेना. तपासणीस दांड्याला लावलेला माइक घेऊन उभा होता.

क्लाइव्हनं गॅस दिला. शेजारच्या शेतातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

"नाही," तपासणीस म्हणाला.

"जरा परत—"

"परत बघा हवं तर. नाही म्हणजे नाही."

क्लाइव्हनं सायलेन्सरच्या तोंडात एक डबा ठोकून बसवला. नाही. मग कुणाकडून तरी भांडी घासायची तारेची घासणी आणून आत कोंबली. गॅस दिल्याबरोबर ती घासणी सुटली आणि तपासणिसाच्या बुटावर जाऊन पडली. तपासणिसानं बुटाकडं बघितलं, क्लाइव्हकडं बघितलं, आणि सावकाश मान हलवली. जुना सायलेन्सर हल शहरात कुणाच्या तरी गाडीला लागलेला. क्लाइव्हचा दिवस सुरू व्हायच्या आधीच संपला.

"पुढं या बाई," तपासणीस म्हणाला. "चालू करा."

"चालूच आहे," मॅक्सीन म्हणाली.

रांगेतले सगळे हसले. तपासणिसानं हसत हसतच गाडीवर हिरवं लेबल चिकटवलं. एक क्लाइव्ह तेवढा हसला नाही. तो आपल्या काळ्या गाडीशेजारी उभा होता, चामड्याचा सूट चढवून, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मॅक्सीननं इंजिन बंद केलं. हा माणूस आपल्या पुढच्या-मागच्या पाळीत असेल, मधल्या वेळात येऊन धीर देईल, याच भरवशावर ती आली होती.

"मी पण नाही जात," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात दोघं मिळून येऊ."

"मूर्खासारखं बोलू नकोस," क्लाइव्ह म्हणाला. तो व्हॅनमध्ये शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या काखेत घडीची खुर्ची होती, हातात थर्मास आणि डोक्यावर तिची लाल टोपी. "पुढच्या महिन्याचं कुणी बघितलंय? तुझे हात काय तुला विचारून आखडणार आहेत? जा. मी माउंटनवर आहे."

नवशिक्यांच्या पाळीत पहिल्या फेऱ्या प्रशिक्षकाच्या मागून होतात. प्रशिक्षकाचं नाव गॅरेथ, पोरगेलासा आणि निवांत. माउंटन आला आणि मॅक्सीनच्या तोंडचं पाणी पळालं. गवतावरून जो नुसता चढ दिसायचा ती गाडीवरून भिंत होती. तिनं गॅस सोडला आणि होंडा कशीबशी वर सरकली. मागून एक लालभडक हजार सीसी डोक्यावरून गेल्यासारखी गेली.

दुसऱ्या पाळीत जरा बरं. हात गरम झाले, गुडघे टाकीला चिकटले. सरळ रस्त्यावर ती लालभडक गाडी तिला मागं टाकायची आणि माउंटनपलीकडच्या झाडीतल्या अरुंद वळणांत, तिच्यासमोर येऊन, म्हशीसारखी रेंगाळायची. होंडाला तिथं काही सांगावंच लागत नव्हतं. मॅक्सीननं नजर वळवली की गाडी वळायची. तिसऱ्या पाळीत हेअरपिनमधून बाहेर पडताना तिनं त्या लालभडक गाडीला मागं टाकलं आणि हेल्मेटच्या आत अशी काही शिवी हासडली की मासळीबाजारातही लोकांनी वळून बघितलं असतं. आनंदाची होती ती.

जेवणानंतर मात्र डावा हात गेला. आधी मुंग्या, मग कळ, मग बोटं क्लचवर वाकेचनात. पाळी संपवून ती आली आणि हातमोजा न काढताच टायरवर बसली. रडायची नाही, असं ठरवून बसली होती.

गॅरेथ शेजारी उकिडवा बसला. "वरचा गिअर टाकताना क्लच कशाला ओढताय? गॅस जरा सैल करा, पायानं गिअर वर लोटा. जातो. आणि खालचे गिअर कमी टाका. ही गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जवळजवळ अख्खा ट्रॅक फिरवेल तुम्हाला. मोठ्या गाड्यांची मिजास नाही हिला."

"माउंटनला?"

"माउंटनला एकदा दुसरा. तेवढं एक ओढा."

फेरीला एक. एक तर ती दातांनी ओढू शकली असती.

पुढची पाळी तिनं अशीच काढली, आणि त्याच्या पुढची. क्लच फेरीला एकदा, बाकी पाय आणि गॅस. हात दुखत होता, पण तिचा होता. आणि शेवटच्या पाळीला, उन्हं कलली असताना, अर्धे लोक दमून गाड्या व्हॅनमध्ये चढवत असताना, जांभळी होंडा पुन्हा रांगेत उभी होती. गॅरेथनं अंगठा वर केला.

शेवटची फेरी. मॅक्सीननं ठरवलं होतं, आता क्लाइव्हला बघायचं. दिवसभर बघायचं राहिलं होतं, भीतीनं, घाईनं. तो तिथं असणार, लाल टोपी घालून, हात हलवत. तिनं दुसरा गिअर टाकला, डावं घेतलं, उजवं घेतलं, भिंत समोर आली, आणि या वेळी तिनं गॅस सोडला नाही. उलट पिळला. होंडा वर सुटली, पुढचं चाक उठलं, आणि मॅक्सीनला आभाळ दिसलं. नुसतं आभाळ. गवत नाही, खुर्ची नाही, टोपी नाही, माणूस नाही. मग चाक टेकलं आणि समोर लगेच झाडं, पुढचं वळण, ब्रेक.

झाडीतली सगळी वळणं ती हसत गेली. मोठमोठ्यानं, एकटीच, हेल्मेटच्या आत. तिथून काहीच दिसत नव्हतं. कुणालाच दिसत नव्हतं, कधीच दिसलं नव्हतं. वीस-बावीस वर्षं तो माणूस संध्याकाळी येऊन, "दिसलीस की," म्हणत आला होता. टोपीचा रंगसुद्धा सांगायचा, मेला. सकाळी व्हॅनमध्ये शेजारी बसून बघितलेला.

क्लाइव्ह खुर्ची काखेत घेऊन धावतच आला. मॅक्सीन गाडीवरून उतरली, पण डावा पंजा हँडलच्या आकारातच राहिला होता. त्यानं तो आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट सोडवत हातमोजा काढू लागला. त्याचे डोळे भरले होते आणि या वेळी त्याला ते चालत होतं.

"मॅक्सी, शेवटच्या फेरीला चाक उचललंस तू. हे एवढं! शेजारच्या बाईला मी सांगितलं, ती माझी बायको आहे. दोनदा सांगितलं." त्यानं नाक ओढलं. "मी हात हलवत होतो. प्रत्येक फेरीला, उभा राहून. दिसलो का?"

मॅक्सीननं त्याच्याकडं बघितलं. लाल टोपी त्याला लहान होत होती, आणि दिवसभरच्या उन्हानं नाक भाजलं होतं.

"दिसलास की," ती म्हणाली. "लाल टोपी घातली होतीस. लांबूनच ओळखलं."

क्लाइव्हचे हात थांबले. त्यानं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसतं हसू. हळूहळू त्याच्या कानाच्या पाळ्या त्या टोपीइतक्या लाल झाल्या. तो पुन्हा खाली बघून तिचं शेवटचं बोट सोडवू लागला.

"पुढच्या महिन्यात," तो म्हणाला, "खुर्ची कुठं टाकू?"

"तिथंच टाक," मॅक्सीन म्हणाली. "तिथून छान दिसतोस."